तंबूत शिकलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत माझी प्रार्थना नावाजलेली होती. कुणाच्या नाताळातल्या करंज्या नावाजलेल्या असतात, कुणाचा गळा, माझी प्रार्थना. बारा-तेरा वर्षांची असेन मी. डहाणूत कुणाकडे आजारपण असो, नवं घर असो, मुलाची परीक्षा असो, पाळकांची प्रार्थना संपली की एखादी मावशी म्हणायचीच, आता हिला करू द्या. मी उभी राहायचे आणि थोड्याच वेळात बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. आईचा चेहरा तेव्हा असा फुलायचा की मलाही वाटायचं, देवाने आपल्यात काहीतरी खास घातलेलं दिसतंय.

ती प्रार्थना मी कुठून उचलली होती हे मला बऱ्याच उशिरा कळलं. कळलं तेव्हा माझी झोप उडाली.

बाबा जंगलखात्यात कारकून होते. आम्ही मूळचे नगरकडचे, नोकरीने डहाणूला आणलेले. बाबांना उपासना, दफ्तर आणि चहा या तीन गोष्टी पुरायच्या. आईला चौथी लागायची, ती म्हणजे सिनेमा. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली की तिथे तंबूतला सिनेमा यायचा, आणि जत्रा देवीची असली तरी तंबू देवीचा नाही, असा आईचा हिशेब होता. ती देवळाकडे पाठ करून मला थेट तंबूत न्यायची. पुढे चिंचणीला तंबू लागला की तिथेही. सुक्या बोंबलांचा वास आणि तंबूतल्या बिड्यांचा धूर अंगाला घेऊन आम्ही घरी यायचो. बाबा फक्त विचारायचे, गोष्ट चांगली होती का.

गोष्ट एकच असायची. तंबूवाले पौराणिक चित्रं आणत, आणि त्यांतल्या निम्म्यांत एकच नटी असे. तिचं नाव लिहीत नाही. आम्ही तिला ‘आपली बाई’ म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या गुजराती घरातली माझी मैत्रीण. आपली बाई कधी राणी असायची, कधी पतिव्रता, कधी गरीब भक्तीण. तिचं सगळं काढून घेतलं जायचं, नवरा, मूल, राज्य, जे असेल ते. मग ती गुडघ्यांवर बसून देवाला हाक मारायची. सुरुवात अगदी हळू. मग आवाज चढायचा, एका शब्दावर फाटायचा. ‘तुझ्यावाचून मला कोण,’ अशा अर्थाचं काही म्हणून ती वर बघत थांबायची. तंबूत कुणी खोकायचं नाही. आणि मग उजेड पडून देव यायचा. बायका चपला काढून हात जोडायच्या, पडद्याकडे फुलं फेकायच्या.

आम्ही हात जोडायचे नाहीत, ही आईची सक्त ताकीद होती. त्यासाठी तिने युक्ती काढली होती. देव यायच्या बेताला आला की ती मला कोपराने ढोसायची आणि आम्ही दोघी आपापले हात मांडीखाली दाबून बसायचो. शेजारच्या बायकांना वाटत असेल, या मायलेकींना थंडी वाजतेय की काय, तीही चैत्रात. हात आम्ही फार सांभाळले. गळा सांभाळायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मैत्रिणीने आणि मी तंबूवाल्यांनी टाकून दिलेले फिल्मचे तुकडे जमवले होते. फुटक्या आरशाने ऊन आत घ्यायचं, त्यात तुकडा धरायचा, गेलेल्या बल्बात पाणी भरून तो भिंग म्हणून पुढे ठेवायचा, की तिच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर आपली बाई उभी राहायची, कधी डोकं खाली, कधी पाय खाली. ती हलायची नाही, म्हणून बोलणं आम्हालाच पुरवावं लागे. मैत्रीण देव व्हायची, कारण देवाला फक्त हात वर करायचा असे. बोलायचं काम माझं. मला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं की आजही त्याबद्दल वाईट बोलवत नाही.

महाराष्ट्र वेगळा झाला त्याच्या आगेमागे माझा विश्वास माझा झाला. तोवर तो आईबाबांचा होता, घरातल्या भांड्यांसारखा. त्यात मोठं काही घडलं नाही. दुपारी ओट्यावर शुभवर्तमान वाचत बसले होते, आणि एकाएकी वाटलं की हे ज्याच्याबद्दल लिहिलंय तो मला ओळखतो. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आमच्याकडे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत. कळत्या वयात ज्याने त्याने मागून घ्यायचा, आणि तो खाडीत, भरतीच्या पाण्यात. मी मागितला. सगळ्यांना वाटलं, हिला कशाला शिकवणी हवी, ही तर आधीच पोचलेली आहे.

त्या नाताळात मैत्रीण पहिल्यांदा आमच्या उपासनेला आली. मी प्रार्थना केली, बायका रडल्या. बाहेर आल्यावर मैत्रिणीने माझे दोन्ही हात धरले. तिला मनापासून कौतुक वाटलं होतं.

“तू तर एकदम आपल्या बाईसारखीच बोलली गं,” ती म्हणाली. “तोच आवाज. आणि वर बघून थांबली पण तशीच.”

मी हसले असेन. पण पायाखालची वाळू सरकली म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं. कारण ती म्हणाली त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. कुठे हळू, कुठे चढा, कुठे फाटायचं, कुठे थांबायचं, सगळं तिचंच होतं. ती हिंदीत बोलायची, मी मराठीत, एवढाच काय तो फरक. आणि ती बोलायची दुसऱ्याच देवांशी, तेसुद्धा पगार घेऊन. मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते? आणि ओट्यावर जे वाटलं होतं, तेही कुठल्या चित्रातलं नव्हतं कशावरून?

मी तंबू सोडला. फिल्मचे तुकडे मैत्रिणीला देऊन टाकले. तिने ते घेतले, पण का देतेस हे विचारलं नाही, आणि त्यानंतर आमच्या घरी येणंही कमी केलं. चैत्र आला तेव्हा आई दारात तयार होऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि लुगडं बदलायला आत गेली. तिलाही मी उपाशी ठेवलं होतं, पण मला तेव्हा स्वतःच्या आत्म्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

सोडून काही उपयोग झाला नाही. तुकडे देता येतात, आवाज कुणाला देणार? मी साधी प्रार्थना करायला गेले. सपाट आवाज, डोळे मिटलेले, कुठे थांबणं नाही. दोन ओळींत लक्षात आलं की आता मी साधी मुलगी झाल्याचं सोंग करतेय. गप्प बसून बघितलं, तर गप्प बसण्यातही आपली बाई हजर. तिच्याइतकं सुंदर गप्प कुणाला बसता यायचं? रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेची वेळ जवळ आली की मी काहीतरी काम काढून मागच्या दारी जायचे.

आमच्या मंडळीत प्रीतिभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे एकत्र जेवत त्या विधीआधी, जुनेजाणते दोघे जण घरोघर फिरत. प्रत्येकाला एकेकटं विचारत, विश्वासात आहात ना, कुणाशी वाकडं नाही ना. लोक होय म्हणत, चहा होई, ते पुढच्या घरी जात. माझ्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला होता, म्हणून त्यांनी मलाही विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. ते भले लोक होते, रागावले नाहीत. बाप्तिस्मा पुढे ढकलू म्हणाले. आई मात्र ते गेल्यावर भांडी आपटत राहिली. इतकी वर्षं सगळ्या गावाला रडवलंस आणि तुझं तुलाच माहीत नाही होय, असं ती दोनतीनदा म्हणाली. मी तिला कारण सांगितलं नाही. तंबूत तीच न्यायची मला. तिला काय सांगणार?

पुढच्या वर्षी बाबांची तलासरीला बदली झाली. मला ते बरं वाटलं. तिथे आमची मंडळी नव्हती, मावश्या नव्हत्या, ताडाची झाडं आणि पाड्यांवरचे आपापले देव मानणारे वारली शेजारी. रविवारी आम्ही तिघंच पाटावर बसून उपासना करायचो. बाबा वाचायचे, आई गायची, आणि प्रार्थनेच्या वेळी दोघं माझ्याकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचे. मग बाबाच दोन वाक्यं बोलून आमेन म्हणायचे.

श्रावणात आई तापाने पडली. नाले भरलेले, डहाणूची एस.टी. बंद. डॉक्टर उधवा गावाकडे अडकलेले. ती पुढे बरी झाली हे आधीच सांगून टाकते, कारण ही चमत्काराची गोष्ट नाही. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? अंगाला हात लावला तर चटका बसत होता. शेजारची वारली म्हातारी दारात बसून होती. तिने भगताला आणू का विचारलं, बाबा नको म्हणाले. तिने वाद घातला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग तुजे देवाला तरी सांग ना, पोरी.”

मी आईजवळ बसले आणि सपाट आवाजात चार वाक्यं म्हटली. आईने डोळे उघडले.

“ही नको,” ती म्हणाली. “ती कर. तुझी.”

मी म्हणाले, आई, देव हीसुद्धा ऐकतो. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मला राग आला, तिचा आणि त्याहून आपल्या बाईचा. आई हातची चालली असताना सोंग करायचं? देवाला खरंखोटं कळतंच ना? आणि खोटं बोलले म्हणून त्याने ऐकलंच नाही तर? बाबा मिठाच्या पाण्याची पट्टी पिळत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला हवी ती कर. बाकीचं मग बघू.”

मी गुडघ्यांवर बसले. सुरुवात हळू झाली. माझ्या इच्छेविरुद्ध आवाज चढला, जिथे फाटायचा तिथे फाटला. दारातली म्हातारी ताठ झाली. आईने तोंड परत वळवलं. ‘प्रभू, तुझ्यावाचून आम्हाला कोण,’ मी म्हणाले आणि वर बघून थांबले.

आणि पुढे काही सुचेना. कौलांवर पाऊस वाजत होता. कौलांच्या फटीतून एक थेंब आत आला आणि गळतीखाली ठेवलेल्या पातेल्यात पडला. आपल्या बाईला याच्या पुढचं कधी बोलावंच लागलं नव्हतं. मला मात्र बोलायचं होतं. जे आलं ते बेसूर आणि भरडं आलं, नेऊ नको, नेऊ नको, एवढंच, आणि मग तेही संपलं.

“पुढचं विसरलीस?” आईने विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला खाली वाकावं लागलं.

“पुढचं नव्हतंच, आई,” मी म्हणाले. “इथे देव यायचा.”

तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. माझी प्रार्थना तंबूतली आहे हे ती कधीपासूनच ओळखून होती, ते तेव्हा मला कळलं.

“मग उठू नको,” ती म्हणाली. “थांबू या.”