तेहतीसवर गाणारा आबा

प्रभाकरभाऊ गेल्याची बातमी मला जळगावात सलूनच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी झालेली, कानाला फेस आणि फोनवर त्यांची मुलगी स्वाती. "काका, पप्पा गेले..." आणि लाज सोडून सांगतो, भाऊंच्या पाठोपाठ मला आठवलं ते त्यांच्या दुकानातलं हिपहॉपचं खोकं. आता ते कोणाच्या घशात जाणार?

भाऊंचं धुळ्यात रेकॉर्डींचं दुकान. मी तिथे जुन्या हिंदी गाण्यांसाठी जायचो. एकदा भाऊंनी सुरतेहून जुन्या रेकॉर्डींचा लॉट उचलला, तर तळाशी निघाल्या अमेरिकेतल्या हिपहॉपच्या रेकॉर्डी. भाऊ वैतागले. मी शहाणपणा केला, "लावून तर बघा." पहिलीच लावली आणि आतून एक म्हातारा बोलायला लागला. खोल, जड आवाज, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. भाऊ खूश. "हाऊ आबा चांगला शे रे. अजिबात घाई नही!" त्या आबासाठी मी महिन्या-महिन्याला पारोळ्यावरून एस.टी.चे धक्के खात धुळं गाठायचो. एवढंच नाही, जळगावच्या आमच्या वाचक मंडळात 'एका वृद्ध कृष्णवर्णीय कवीची व्यथा' या विषयावर भाषणही ठोकलं. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

मग सुटीत स्वाती घरी आली. दुकानात आबा चालू होता. तिनं रेकॉर्डीवरचा कागद वाचला आणि प्लेअरचा वेगाचा खटका पुढे सरकवला. आबा गायब! एक तरुण पोरगी तडतड बोलायला लागली. मोठी रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची, लहान पंचेचाळीसची, हे आमचं हिंदी गाण्यांवर पोसलेलं गणित. ही मोठी असून पंचेचाळीसची निघाली, आणि आम्ही तिला तेहतीसवर रेंगाळवत होतो. भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. "आबा गया रे भो!" मग माझ्याकडे बघून, "आणि तुन्हं भाषण?" आम्ही इतके हसलो, की शेजारचा टेलर कात्री घेऊनच बघायला आला.

भाऊंना हिपहॉपचं खरं वेड लागलं ते त्यानंतर. शिंदखेड्याहून, नरडाण्याहून कॉलेजची पोरं त्या खोक्यासाठी यायला लागली. पण गेल्या वर्षी भाऊ आजारी पडले. एका व्यापाऱ्यानं सगळा माल एकदम विकत मागितला होता, स्वाती पुण्यात नोकरीला. "दुकान ऱ्हाई का नही, तेच समजत नही," एवढंच ते मला दवाखान्यात म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दिवस-कार्य उरकून काही आठवडे झाल्यावर मी धुळ्याला गेलो, तर दुकानासमोर टेम्पो! शटर अर्धं खाली, दोघं जण एक लाकडी रॅक धरून उभे. माझं डोकं फिरलं. हात पसरून टेम्पोला आडवा झालो. "हा माल इथून हलणार नाही! भाऊंच्या आत्म्याला काय वाटेल?" ड्रायव्हरनं शांतपणे विडी विझवली. "बाबा, बाजूला व्हा. उतरवानं शे, चढवानं नही."

शटरखालून स्वाती वाकून बाहेर आली. "काका, पुण्याची नोकरी सोडली मी. दुकान मीच चालवणार." मी पसरलेले हात खाली घेतले.

"आणि हा रॅक?"

"पप्पांनी दवाखान्यातूनच सुताराला माप सांगितलेलं. तुमच्यासाठी."

हिपहॉपचं खोकं कायम जमिनीवर असायचं. त्यापुढे मी उकिडवा बसायचो आणि मला उठवायला दोन गिऱ्हाइकं लागायची. रॅक आत लागला, खोकं वर चढलं. उंची बरोबर माझ्या पट्ट्याइतकी. भाऊंनी माझं माप कधी घेतलं, देव जाणे. मी ताठ उभ्यानं रेकॉर्डी चाळायला लागलो. गुडघे एका शब्दानं कुरकुरले नाहीत.