रिकाम्या खोक्यावरचं विमान

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात एक विमान कोसळलं. जीवितहानी नाही, पण मी अजून सावरलेलो नाही.

ऐंशीच्या आसपास, मी शाळेत असताना, मामांनी मेनरोडवरून सुटे भाग जोडून करायचं प्लास्टिकचं विमान आणलं होतं. मी जोडल्यावर ते चेपलेल्या माशीसारखं दिसलं. पण खोक्यावरचं चित्र! खवळलेला समुद्र, पेटलेले ढग आणि त्यातून तिरकं झेपावणारं विमान, कुणीतरी ब्रशनं मन लावून रंगवलेलं. तो खोका मी चाळीस वर्षं जपला.

आज तो कपाटात दिसेना.

"अगं, माझा खोका?"

"रिकामाच होता की! झाकण कापून तेलाच्या डब्याखाली घातलं," बायको म्हणाली. "चित्राची बाजू वर ठेवलीय हो. गुळगुळीत आहे, पुसायला बरी."

"अगं, पण ते चित्र..."

"अहो, विमान ठेवलंय ना जपून शोकेसमध्ये!"

एवढ्या वादळात न डगमगलेलं विमान शेंगदाणा तेलात बुडालं, आणि माशी मात्र काचेआड सुखरूप.

तुमच्याही घरात असा रिकामा खोका असेल, तर लाईक नंतर करा. आधी तेलाचा डबा उचलून बघा.