शेडमधला कोरडा कोपरा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे 'भट्टीवाली' म्हणायचे. तोंडावर नाही म्हणा, पण आमच्या घरात पाठीमागे बोललेलं तोंडापर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. त्यांच्या वडिलांची पावाची भट्टी होती. लाकडं रचणं, विस्तव मागे ओढणं, राख काढणं यातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या आणि लग्न होऊन आल्या त्या सुतारांच्या घरात. सासरे सुतार, माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, तेही सुतार. माझा नवरा तेवढा सुटला, तो शाळेची बस चालवतो.

भाऊजींच्या हाताला गुण आहे, हे माझ्या जिवावर आलं तरी मला कबूल करावं लागेल. त्यांची खुर्ची कुरकुरत नाही, टेबल डुगडुगत नाही. कारण विचारलंत तर एकच सांगतील, लाकूड वाळलेलं हवं. मागच्या अंगणात त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथे फळ्या एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचलेल्या. वर्ष वर्ष कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर त्याला म्हणतील, "ओल्या लाकडाचं काम मी करत नाही, दुसरा सुतार बघा." आणि याच माणसाच्या घरातलं सरपण शेडच्या बाहेर, उघड्यावर, पावसात भिजत पडलेलं! गिऱ्हाइकाच्या बुडाखाली वाळलेलं लाकूड आणि बायकोच्या नाकाखाली ओलं. आता याला काय म्हणावं?

चूल लोखंडाची होती, पेटीसारखी. पुढे दार, दाराखाली हवा आत यायला एक सरकती झडप, मागून पत्र्याचं धुरांडं छपरातून बाहेर. वर स्वयंपाक व्हायचा आणि थंडीत घरही ऊबदार राहायचं. सासऱ्यांनी ती बसवली होती आणि तिच्याबरोबर एक नियमही बसवला होता, की या घरातला विस्तव विझत नाही. रात्री निजायच्या आधी चुलीत एक जाडजूड ओला ओंडका ढकलायचा, झडप बंद करायची, आणि तो रात्रभर धुमसत ठेवायचा. सकाळी राख बाजूला केली की खाली निखारे तयार. आमच्या घरात काडेपेटी लागत नाही, असं सासरे चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. चुलीत ज्वाळ दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "लाकूड काय नाचवायला आणलंय?" असं म्हणून ते पायानेच झडप लोटून द्यायचे.

जाऊबाईंनी सासरी पहिल्यांदा चूल लावली, तेव्हाची गोष्ट माझ्या नवऱ्याने मला सांगितली आहे. त्यांनी जाड लाकडं खाली ठेवली, त्यावर बारीक, त्यावर ढलप्या, आणि वरून पेटवलं. अख्खं घर बघायला जमलं. सासरे म्हणाले, "अगं पोरी, घराचा पाया कधी छपरावर घालतात का?" सगळे पोट धरधरून हसले. तेवढ्यात विस्तव वरून खाली उतरत गेला, धूर दिसेनासा झाला, आणि पातेल्यातलं पाणी एरवीपेक्षा कितीतरी आधी उकळलं. ते कुणी पाहिलंच नाही. सासऱ्यांनी झडप बंद केली आणि म्हणाले, "माहेरचं शहाणपण माहेरी."

मी या घरात आले तेव्हा जाऊबाईंचा मुलगा चालायला लागला होता. पोराची छाती सदा घरघरायची. स्वयंपाकघरात तासभर काढला की त्याचे डोळे लाल, नाक वाहतंय. जाऊबाई त्याला गोधडीत गुंडाळून बाहेर पायरीवर बसवायच्या, मधूनच आत जाऊन भात बघायच्या, परत बाहेर. मला त्यांनी तिथे पायरीवरच सगळं समजावून सांगितलं. "धूर म्हणजे न जळलेलं लाकूड गं. ते चुलीतच जळायला हवं. ओल्या लाकडाचा निम्मा जोर स्वतःचं पाणी आटवण्यातच जातो. त्यात वर हवाही कोंडायची, मग ते जळणार कसं? नुसतं कुढत राहतं."

"मग भाऊजींना सांगा ना."

"सांगते ना. रोज सांगते."

आणि खरंच सांगायच्या. माझ्यासमोर सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. भाऊजी जेवायला बसले की त्या अगदी हळू आवाजात, "अहो, शेडचा एक कोपरा द्या ना सरपणाला. दाराजवळचा. तुमच्या फळ्यांना मी हातही लावणार नाही. पोराला धूर सोसत नाही हो." भाऊजी घास गिळून म्हणायचे, "शेड धंद्यासाठी आहे." दुसऱ्या वेळी म्हणायचे, "बघू." तिसऱ्या वेळी नुसता ताटातला भात कालवत राहायचे. गॅस घ्या म्हटलं तर, "घरात फुकटचं जळण असताना?" फुकटचं जळण म्हणजे भाऊजींच्या कामातले उरलेले तुकडे, पॉलिश चढवलेले, रंगाचे, गोंद लावलेल्या प्लायचे. त्यांचा धूर डोळ्यांत मिरची घातल्यासारखा. जाऊबाई ते तुकडे वेचून वेचून बाजूला टाकायच्या, आणि सासरे ते वेचून परत चुलीत टाकायचे.

वर्षभरातच आम्ही वेगळी चूल मांडली. त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायला गेलो आणि मी पहिल्या दिवशी गॅस आणला. मला लोकांनी फुटीर, घरफोडी, काय काय म्हणून घेतलं. म्हणोत बापडे. जाऊबाईंना म्हटलं, माझ्याकडे येऊन शिजवत जा. दोन-चारदा आल्या. मग भाऊजींनी ताट बाजूला सारलं, "चव नाही." चव! बायकोचा जीव कासावीस झालेला चालतो, आमटीची चव गेलेली चालत नाही.

सासरे गेले. वाटलं, आता तरी झडप उघडेल. कसलं काय! बाप गेला की त्याचे नियम जास्तच कडक होतात. भाऊजी रात्री स्वतःच्या हाताने ओंडका लोटायला लागले.

मग तो दिवस आला. भाऊजी एका गिऱ्हाइकाकडे दारं बसवायला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. जाऊबाईंनी शेडमधून खुर्च्यांच्या पायांचे उरलेले तुकडे आणले, कोरडे, खडखडीत वाजणारे. चूल रिकामी केली, राख काढली, त्यांच्या पद्धतीने लाकडं रचली, झडप पूर्ण उघडली. आणि मला भिंतीवर थाप मारून हाक दिली, "ये गं, चहाला ये!"

मी गेले तर ओळखू येईना ते स्वयंपाकघर. धूर नाही की वास नाही. चुलीचं दार किंचित उघडं आणि आत पिवळा, स्वच्छ जाळ. जाऊबाई बाहेर अंगणात मला ओढत घेऊन गेल्या आणि छपराकडे बोट केलं. "बघ, धुरांड्यातून काही दिसतंय का?" काही दिसत नव्हतं, वर हवा तेवढी थरथरत होती. चाळिशीची बाई, पण टाळ्या पिटायची बाकी होती. त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर बोललो. आज रात्री ह्यांना दाखवते, म्हणाल्या, डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल.

उजेड कमी व्हायला लागला तशी त्यांनी आणखी चार तुकडे आत सारले. आणि एकाएकी धुरांड्यातून आवाज सुरू झाला. घों घों घों, जणू भिंतीतून ट्रक चाललाय. पत्रा लाल व्हायला लागला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "छपरावर ठिणग्या उडतायत!" जाऊबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी दार लावलं, झडप घट्ट बंद केली, आणि म्हणाल्या, "काजळी पेटलीय. हवा तोडली की विझेल. कुणी काही उघडू नका, पाणी तर मुळीच घालू नका." आणि आवाज उतरायलाही लागला होता.

तेवढ्यात भाऊजी अंगणातला आरडाओरडा ऐकून धावत आत आले. कुणाचं ऐकतील तर शपथ. हंडा उचलला आणि तापलेल्या लोखंडावर भडाभडा ओतला. ताडकन आवाज झाला. चुलीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि घरभर वाफ आणि राख.

"घर जाळायला निघाली होतीस?" भाऊजी गरजले.

"अहो, एवढ्या वर्षांची काजळी साठली होती वर. धूर कोंडला की ती डांबरासारखी चिकटते. आज जरा मोठा जाळ लागला, म्हणून..."

"बापाच्या वेळेपासून कधी पेटलं नाही. तू झडप उघडलीस, आणि पेटलं. आता बोल!"

दिसायला त्यांचंच खरं दिसत होतं. जमलेल्या बायकाही माना डोलवायला लागल्या. भट्टीवालीने घर पेटवलं, ही बातमी रात्रीपर्यंत गल्लीभर झाली. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "भाऊजी, धुरांडं भरलं तुमच्या ओल्या ओंडक्यांनी, चूल फोडली तुमच्या पाण्याने, आणि दोष यांचा? उलट्या बोंबा!" भाऊजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या बायकोला आवर." आणि माझा नवरा मला म्हणाला, "जाऊ दे ना गं." बसमध्ये साठ पोरांना गप्प बसवतो हा माणूस!

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी झडपेला स्क्रू मारला, बोटभर फट ठेवून. तड्यात माती भरली. माती महिन्याभरात गळून पडली, परत भरली, परत पडली. आधी धूर निदान थोडातरी धुरांड्यातून जायचा, आता तड्यातून थेट घरात. जाऊबाईंनी त्यानंतर शेडचा विषय काढला नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाल्या, "मीच पेटवलं होतं ना? मग कुठल्या तोंडाने मागू?" मला त्यांचा इतका राग आला! आणि रडूही आलं.

त्यांचा मुलगा मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला. जाऊबाईंचा खोकला मात्र घरातच राहिला. जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या आणि काहीतरी बघत असल्यासारखं दाखवायच्या. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "किती वर्षं सिगारेट ओढताय?" जाऊबाई म्हणाल्या, "नाही हो, मी स्वयंपाक करते." डॉक्टर म्हणाले, आता धूर बंद केलात तर आणखी बिघडणार नाही, पण गेलेलं परत येत नाही. भाऊजींना मी हे शब्दशः सांगितलं. ते रंधा मारत होते. "वय झालं की होतं असं," म्हणाले. तेव्हा त्यांचं स्वतःचं वय जाऊबाईंपेक्षा जास्त होतं, आणि ते फळ्या उचलत होते.

मग सून आली. चांगली पोर, उगाच खोटं बोलणार नाही. तिला दिवस गेले. एका सकाळी ती स्वयंपाकघरात गेली, खोकत बाहेर आली, आणि सरळ शेडमध्ये जाऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"बाबा, या धुरात मी बाळाला ठेवणार नाही. लाकडं वाळवायला इथे जागा करा आणि ती फुटकी चूल काढा. नाहीतर आम्ही भाड्याने घर बघतो."

मी कपडे घट्ट धरून उभी राहिले. आता आभाळ कोसळणार! भाऊजींनी पेन्सिल कानावर अडकवली. "अगं, एवढंच ना? आजच करतो," म्हणाले.

आणि केलं. अर्धी शेड रिकामी केली. सरपण फोडून, मध्ये पट्ट्या घालून, त्यांच्या फळ्यांसारखंच रचलं. रंगाचे तुकडे वेगळे काढले. धुरांडं उतरवून झटकलं तर काळ्या खपल्यांची घमेली भरली. नवी चूल आली, तिची झडप बोटाने सरकते. सुनेला लाकडं कशी रचायची ते जाऊबाईंनी खुर्चीत बसून हाताच्या खुणांनी शिकवलं, कारण दम लागल्यावर शब्द पुरत नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन भांडी आदळली.

बाळ झाल्यावर व्याही आणि विहीणबाई बघायला आले. आम्हीही होतो. भाऊजींनी व्याह्यांना आधी शेड दाखवली, मग चूल. "वरून पेटवायचं," ते सांगत होते, "जाड खाली, बारीक वर. ओलं लाकूड घरात आणायचंच नाही. धूर म्हणजे काय हो, न जळलेलं लाकूड!"

सून म्हणाली, "हे सगळं मला आईंनीच सांगितलंय."

"हो हो," भाऊजी म्हणाले. "पण सुनेला डोकं आहे. आली, बोलली, आठवड्यात काम झालं. आमच्या हिने आयुष्यभर धूर खाल्ला, पण कधी तोंड म्हणून उघडलं नाही. अगं, बोलायचं नाही का मला? मी काय नाही म्हणालो असतो?"

ते खोटं बोलत नव्हते. तेच तर मला अजून सहन होत नाही. त्या माणसाला खरंच काही आठवत नव्हतं.

सगळ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. नातू त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी आधी श्वास जमवला.

"हो," त्या म्हणाल्या. "राहूनच गेलं."

व्याही हसले, भाऊजीही हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात जाऊबाईंना उबळ आली. सुनेने पटकन बाळ उचललं, मी पाठीवर हात ठेवला, हाताखाली नुसत्या फासळ्या हलत होत्या. उबळ काही थांबेना. भाऊजींनी जरा ओशाळून व्याह्यांपुढे चहाचा कप सरकवला.

"बघा," ते म्हणाले, "घरात आता धुराचं नाव नाही, तरी खोकतेच. सवय झालीये तिला नुसती."