ओर्फिलियाबाईंचं विमानाचं पुस्तक

पुएर्तो गार्सेरोला रस्ता नाही. नदी आहे, पण वाटेत धबधबे इतके की येणंजाणं विमानानंच. आठवड्यातून दोनदा व्हियाविसेन्सियो शहरातून जुनं, दोन पंख्यांचं, शेपूट जमिनीला टेकवून बसणारं विमान येतं. त्यातून मीठ, डिझेल, कोंबड्या आणि माणसं उतरतात.

या धावपट्टीवर ओर्फिलिया तोवार एकवीस वर्षं वजनकाटा सांभाळत होत्या. विमानात जे जे चढायचं ते आधी त्यांच्या काट्यावर चढायचं, माणसंसुद्धा. बायकांचं वजन त्या मोठ्यानं सांगत नसत, हा त्यांचा एकुलता एक शिष्टाचार. बाकी तोंड फटकळ.

स्वतः मात्र त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. लहानपणी बापाबरोबर होडीनं आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे आई उपचारासाठी व्हियाविसेन्सियोला गेली आणि तिथेच अंथरुणाला खिळली, तेव्हाही त्या गेल्या नाहीत. काटा कोण बघणार, असं कारण त्यांनी सांगितलं. ते कुणाला पटलं नाही, बहुधा त्यांना स्वतःलाही नाही.

मी तेव्हा आरोग्य केंद्रात परिचारिका होते. गावातल्या मार्लेनीची मुलगी नेल्सी अडीच वर्षांची होती. जन्मापासून तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. वर्षातून दोनदा शहरात डॉक्टरांचं पथक येऊन असे ओठ शिवून द्यायचं. पहिल्या खेपेला नेल्सीनं विमानाच्या दारात असा टाहो फोडला की मार्लेनीच खाली उतरली. दुसऱ्या खेपेला ती वैमानिकाच्या मनगटाला कडकडून चावली. लिसीमाको हा वैमानिक तसा मनानं चांगला, पण त्यालाही राग आवरला नाही.

"मी माल नेतो, माणसं नेतो. वाघाची पिल्लं नेत नाही," तो मनगट चोळत म्हणाला. विमान तिला न घेताच गेलं.

राजधानीतून आमच्याकडे पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. त्यात बाळांसाठी जाड पानांचं एक विमानाचं पुस्तक होतं. मी ते नेल्सीला दिलं. त्यातल्या विमानाला निळे डोळे होते आणि ते दात काढून हसत होतं. नेल्सीनं एक पान बघितलं, पुस्तक झोळीखाली भिरकावलं आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

"दात," ती म्हणाली. तिचं बोलणं आईलाच कळायचं, पण हा शब्द मलाही कळला.

ही हकीकत मी ओर्फिलियाबाईंना सांगितली. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"विमानाला डोळे कशाला हवेत गं? बघायला आत माणूस बसवलाय ना? आणि हे चढलेत ते कोण, ससे? सशांची वजनं कुणी केली?"

आठवडाभरात त्यांनी स्वतःच एक पुस्तक केलं. सार्डिन माशांच्या डब्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, कडेला मासे धरायच्या दोऱ्याची शिवण. पहिल्या पानावर धावपट्टीवरच्या गाई हाकलणारा माणूस. दुसऱ्यावर काट्यावर बसलेली कोंबडी. तिसऱ्यावर त्याच काट्यावर लाल फ्रॉकातली नेल्सी. मग एक पान नुसतं कोळशानं काळं केलेलं. ते पंखे सुरू होतानाचं. तिथे आल्यावर बघणाऱ्यानं घसा फुटेस्तोवर ओरडायचं, असा नियम.

नेल्सीची आजी नाराज झाली. "चित्र काढलंस ना, आता विमान पोरीला घेऊन जाईल."

"मग मी काय मागतेय, आजी? न्यायलाच हवंय तिला."

पुस्तक विमानाचं दार बंद होतं तिथे संपायचं. नेल्सी शेवटचं पान उलटायची, कोरा पुठ्ठा बघायची आणि विचारायची, "मग?" रोज, दिवसातून दहा वेळा. मार्लेनीला उत्तर देता येईना. ओर्फिलियाबाईंनाही येईना. शेवटी त्यांनी लिसीमाकोला गाठलं.

"दार बंद झालं की पुढे काय होतं?"

"काय व्हायचंय? ढग."

"ढग आतून कसे दिसतात?"

"बाई, एवढी चौकशी माझ्या बायकोनं पण कधी केली नाही. बसा आणि बघा ना एकदाचं."

पुढच्या मंगळवारी ओर्फिलियाबाई कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच्या काट्यावर चढल्या. आकडा लिसीमाकोनं वाचला, सगळ्या धावपट्टीला ऐकू जाईल असा. "एक्याऐंशी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या काट्यावरून उतरून तडक विमानात जाऊन बसल्या. चेहरा कसाव्याच्या कंदाच्या पिठासारखा पांढरा पडला होता.

शुक्रवारी त्या परत आल्या. कसं काय झालं, मी विचारलं.

"आईच्या कबरीवर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "उशीर झाला." आणि पुठ्ठा कापायला बसल्या.

चार पानं वाढली. एकावर कानात दडे बसून आ वासलेला माणूस. एकावर सुतळीएवढी नदी. एकावर कागदी पिशवीत तोंड घालून ओकणारी जाडी बाई. ती बाई कोण, हे सगळ्या गावाला कळलं. शेवटच्या पानावर विमान उतरलेलं आणि हातगाडी घेऊन उभा असलेला माणूस. नेल्सीला ओकणाऱ्या बाईचं पान सगळ्यांत आवडलं. ती तिच्या पोटावर थापट्या मारायची.

तिसऱ्या खेपेला नेल्सी काट्यावर आपण होऊन चढली. दारात थबकली, पण पुस्तक मुठीत घट्ट धरून आत गेली. पंखे सुरू झाल्यावर ती किंचाळली. ते पुस्तकातलं ओरडणं होतं की खरं रडणं, मार्लेनीला शेवटपर्यंत समजलं नाही. अर्ध्या वाटेवर ती ओकली आणि तोंड पुसून सगळ्या प्रवाशांकडे अभिमानानं बघू लागली. ओठ नीट शिवला गेला. तीन आठवड्यांनी मायलेकी परतल्या. बोलणं स्पष्ट व्हायला पुढे दोन वर्षं लागली.

नंतर ज्या कुणाचं लहान मूल शहरात न्यायचं असे, ते ओर्फिलियाबाईंकडे पुस्तक मागू लागले. त्यांनी हातानं चौदा प्रती केल्या. प्रत्येकीत काट्यावर बसलेलं मूल वेगळं, ज्याचं त्याचं. सगळीच पोरं शहाण्यासारखी गेली असं नाही. दोघं तर पुस्तकासकट माघारी आली.

एकदा राजधानीहून एक साहेब आला. त्याला पुस्तक फार आवडलं. वर्षभरानं ते राजधानीत छापून आलं, चकचकीत कागदावर. विमानाला आता डोळे होते आणि ओकणारी बाई गायब होती. बाळांच्या पुस्तकात ते शोभत नाही, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं.

"माझं शोभत नाही तर राहू दे," ओर्फिलियाबाई म्हणाल्या. छापील प्रती शाळेत गेल्या. हातच्या होत्या त्या फिरत राहिल्या.

मला तेव्हा मोह झाला. मी म्हटलं, "मावशी, आता सुईचं पण एक करा. लस टोचताना पोरं जीव खातात माझा."

त्यांनी केलं, तितक्याच मन लावून. सिरींज, कापूस, दंड, मी. पहिल्याच दिवशी तीन पोरांनी मिळून त्याचे तुकडे केले. माझं पान तर एकानं चावून गिळलं.