धुक्यातले दोन ठोके

माझा नवरा आज घरात आहे तो मरोदा वस्तीतल्या काकांमुळे. काय झालं ते मागून सांगते, आधी त्यांचं सांगू द्या, नाहीतर माझं मन मला खातं. काका भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. तिथं ते खलाशी होते. पाण्याशी त्या कामाचा काही संबंध नाही. जड लोखंड क्रेनला अडकवायचं आणि वर बसलेल्या ड्रायव्हरला हातानं, शिटीनं इशारा द्यायचा, त्या माणसाला प्लांटमध्ये खलाशी म्हणतात. माझा नवराही काही वर्षं ठेकेदाराकडून त्यांच्या हाताखाली होता. काका मूळचे आमच्या भंडाऱ्याकडचे. मी सातवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन इतक्या लांब आलेली, हिंदी बोलताना घाबरायची. त्यांनी पहिल्या दिवशी "कोणत्या गावची तू, पोरी?" असं विचारलं तेव्हा मी रडलेच होते.

भिलाईबाहेर डोंगरांत एक तलाव आहे, तिथं आमची टपरी. तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडं बांध. बारा महिने माणसं येतात. उन्हाळ्यात पहाटे पोहणारे, पावसाळ्यात नेहरू नगरच्या क्लासची पोरं, थंडीत गळ्यात कॅमेरे अडकवून पक्षी पाहणारे. मी चहा-भजी करते, लाइफ जॅकेटं देते-घेते. नवरा डोंगा वल्हवतो. काका सकाळी बांधावर फिरायला येतात आणि माझ्या चहाला नावं ठेवून दोन कप पितात.

त्या थंडीत एका सकाळी पायडलची एक बोट दोरी सुटून मधे वाहत गेली. नवरा ती आणायला जुना डोंगा घेऊन निघाला. डोंगा झिरपायचा, सारखं डब्यानं पाणी उपसावं लागायचं. जॅकेटं सगळी ताटकळलेल्या पिकनिकवाल्यांच्या अंगावर. "आत्ता येतो," म्हणाला. तो निम्म्यात गेला असेल तोच डोंगरावरून धुकं उतरलं. पाणी दिसेना, आपला हात दिसेना. त्याला पोहणं बेताचंच येतं.

आम्ही ओरडायला लागलो. पिकनिकवाल्यांनी जॅकेटाला लावलेल्या शिट्ट्या तोंडात धरल्या आणि लांब, न थांबता फुंकत राहिले. ते आवाज डोंगरावर आपटून सगळीकडून परत येत होते. आधी नवऱ्याचा "हो" ऐकू आला. मग तोही बंद झाला. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरले होते. मागून काकांनी माझा दंड धरून ओढलं.

"शिट्ट्या बंद करा," ते म्हणाले.

एक साहेब चिडला. "अंकल, फिर उसको पता कैसे चलेगा?"

"पता चल गया है उसको. इसीलिए तो रुका है." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "प्लांटमंदी लांब शिटी म्हंजे काय? आहे तिथं थांब. क्रेन थांबते, माणूस थांबते. त्याच्या हाडात बसलं आहे थे. तुमी सारे मिळून त्याले थांबवून राहिले."

तो तिथं वल्हं मांडीवर घेऊन बसला असेल, कोणीतरी 'चल' म्हणेल म्हणून, आणि खालून डोंगा भरत असेल.

"तवा आन," काका म्हणाले. "दोन ठोके मार. मंग चूप. डोंगराचा आवाज विरला का पुन्हा दोन. घाई करू नको."

प्लांटमध्ये दोन ठोके म्हणजे 'ये'. मी तवा उलथण्याला टांगून बत्त्यानं वाजवू लागले. मधली ती शांतता मला सहन होईना. हात आपोआप उठायचा. काका नुसतं बोट वर करायचे, थांब. कोणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग वल्ह्याचा आवाज आला आणि धुक्यातून डोंग्याचं टोक निघालं. नवरा पोटरीपर्यंत पाण्यात बसला होता, ओठ निळे.

"कावून थांबला होता रे?" काकांनी विचारलं.

"शिटी होती ना," तो म्हणाला.

चहा पिताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आधी मी तिकडं डोंगराकडंच जाऊन राहिलो होतो. तिकडूनही दोन-दोन ठोके पडत होते. मग ध्यानात आलं, आपला तवा फुटका वाजते, तिकडचा नाही."

सगळे हसले. मी हसले नाही. कारण तो काठाला लागल्यावर मी बत्ता खाली ठेवला होता, आणि बऱ्याच वेळानं पाण्याच्या पलीकडून दोन ठोके आले होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "डोंगर आहे, पोरी." पण प्लांटमध्ये जन्म काढून त्यांना कमी ऐकू येतं. मासळीवाल्या बाईला विचारलं. पाण्याखाली जुनं गाव आहे, ती म्हणाली, "हमू मन ला सुनाथे, बहिनी," म्हणजे आम्हालाही ऐकू येतं, आणि टोपली उचलून चालती झाली.

अजूनही धुकं पडलं की भजी तळता तळता माझा झारा थांबतो. नवरा पाण्यावर असला तर मी पलीकडचं ऐकत राहते. आपल्याकडून ठोके पडलेच नाहीत आणि तिकडून पडले, तर हा कोणाकडं जाईल?

काका हल्ली रोज येत नाहीत. गुडघे गेले. काकू नाहीत, मुलगा पुण्याला, मरोद्याच्या घरी एकटेच असतात. परवा डबा घेऊन गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं, आमची एकच खोली आहे, दुसरी बांधायची आहे, ती तुमची.

"म्हंजे मले रोज तुझा चहा प्या लागन," ते म्हणाले.

हो, प्यावा लागेल. वेळ लागेल, पण ती खोली मी बांधणार, आणि तुम्हाला हाताला धरून तिथं आणणार, काका.