पाण्यातला ण

अन्याय मंदाकाकूंवर झाला, काल सकाळी, लेकीच्या नोकरीचे पेढे वाटता वाटता.

त्यांची लेक, माझ्या शेजारची रेश्मा, इस्पितळाच्या स्वागतकक्षात लागली. मुलाखतीच्या तयारीच्या क्लासात सरांनी महिनाभर तिच्याकडून एकच शब्द घोटून घेतला होता: पाणी. "पानी म्हणालीस, तर तिथल्या तिथे कटाप!" मुलाखतीत ती चुकली नाही. निवड झाली.

मला पेढा देऊन काकूंनी विचारलं, "पानी देऊ का रं?"

"आई, पानी नाही, पाणी!" रेश्मा बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

"बरं बाई, मॅडम," काकू हसल्या. आत जाऊन तांब्या घेऊन आल्या, पेला भरून माझ्यापुढे सरकवला आणि नुसतं म्हणाल्या, "घे."

ज्या 'पानी' शब्दानं लहानपणापासून लेकीची तहान भागवली, तोच शब्द या बाईनं स्वतःच्या घरात गिळला. आणि तहानलेल्या रुग्णाला काय हवं असतं हो, पाणी की त्यातला ण?

उद्या तुम्ही मुलाखत घ्यायला बसाल, तेव्हा काम येतं का ते विचारा. आणि कुणी 'पानी' म्हणत पेला पुढे केला, तर मुकाट्यानं प्या. दुरुस्त करू नका.