वाफ पोत्यात भरत नाय

बेल्ह्याजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळत होते. तिथं मिक्सर चालवणारे एक गृहस्थ रोज भेटायचे. त्यांचं वाक्य ‘राव’नं सुरू व्हायचं आणि ‘राव’नंच संपायचं. थर्मामीटरकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. वाफेच्या पाइपाजवळ हात नेऊन तापमान सांगायचे आणि ते बरोबर निघायचं, याचा मला थोडा रागच यायचा.

एकदा खाद्याच्या गोळ्यांचा सारखा भुगा व्हायला लागला. पोती परत येऊ लागली. मका, सरकी पेंड आणि कोंडा यांचं नेमकं प्रमाण शोधायला मी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल मांडलं. तिन्हींची बेरीज शंभर टक्के झाली. गोळी वाफेवर बांधली जाते, म्हणून वाफेचं तापमान चौथा घटक म्हणून घातलं, तर बेरीज शंभराच्या वर जाते असा लाल अक्षरांत नकार आला.

ते मागं उभे होते. म्हणाले, “राव, वाफ काय पोत्यात भरता व्हय, राव?”

“मग वेगळी लिहिते.”

“राव, नुसती वाफ काय करनार? मक्याला येक करती, पेंडीला दुसरंच, राव.”

मी गुपचूप तापमान प्रत्येक घटकाशी गुणलं. मॉडेल बसलं, प्रमाण मिळालं. पुढच्या खेपेला गोळ्या टणक निघाल्या. मी खुशीत अहवालावर माझ्याआधी त्यांचं नाव टाकलं.

त्यांनी ते वाचलं, माझंच पेन घेतलं आणि नीट खोडलं.

“राव, उद्या गोळी फुटली, की लोक पयलं नाव शोधत्यात, राव.”

तिथं फक्त माझंच नाव उरलं होतं.